वीस इंचांची करवत

थंडी तोंडावर आली होती आणि घरात जळणाची काडी नव्हती, म्हणून अखेर एका सकाळी घड्याळजी आणि त्याची बायको साखळीची करवत विकत घ्यायला निघाले.

घड्याळदुरुस्ती हा त्याचा धंदा. उभा जन्म त्यानं एका डोळ्याला भिंग लावून, चिमट्यानं मोहरीएवढे स्क्रू उचलण्यात घालवला होता. त्याच्या बायकोला सगळे मास्तरीण म्हणत. तिनं शाळेचं तोंड शिकवायला म्हणून कधी पाहिलं नव्हतं, पण शिवणाच्या कारखान्यात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि तिथं कापडाचे थरावर थर रचून विजेच्या सुरीनं कापायचं काम तिच्याकडे होतं. नवरा केसाएवढ्या वस्तूंशी झटायचा, बायको एका दमात ढीगभर शर्टांच्या बाह्या उतरवायची. त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणायचा, आमच्या घरात सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड काम एकाच ताटात जेवतं.

रानाचा नाद त्या मुलाचाच. तो विजेच्या तारा ओढणारा लाईनमन. दिवसभर खांबावर चढून संध्याकाळी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात शिरताना त्याचा जीव गुदमरायचा. आईबापांची नोकरी-धंद्यातून सुटका झाल्यावर त्यानं दोघांच्या मागे लकडा लावून शहरातली जागा विकायला लावली आणि गावाबाहेरचं हे घर घेतलं. घर म्हणजे खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, वर दोन खोल्या, आणि मागे चढावर पसरलेलं त्यांच्या मालकीचं रान. रानात बहुतेक झाडं पोरसवदा, मनगटाएवढी नाहीतर फार तर मांडीएवढी. त्यांच्यात एकच झाड जुनं आणि दांडगं होतं. पाय फाकून, छाती काढून उभं. मुलगा त्याला पहिलवान म्हणायचा, म्हणून तेही म्हणायला लागले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नजर वर गेली की आधी पहिलवान दिसायचा आणि मग बाकीचं रान.

जळणाचं सगळं मुलगा बघायचा. कुठलं झाड वाळलं, कुठलं विरळ करायचं, किती फोडून ठेवायचं, आईबापांना विचार करावा लागायचा नाही.

गेल्या थंडीच्या शेवटाला मोठं वादळ झालं. त्यात पहिलवानाची एक फांदी वर शेंड्याजवळ मोडली आणि खाली न येता दुसऱ्या फांदीच्या बेचक्यात अडकून राहिली. खालून बघणाऱ्याला ती झाडाचीच वाटायची. पुढं काही दिवसांनी, वारा अगदी पडलेला असताना, मुलगा त्याखाली वादळानं पाडलेला काटक्यांचा पसारा आवरत होता. करवत बंद करून बाजूला नीट ठेवलेली होती. डोक्याला हेल्मेट होतं. फांदी सुटली ती थेट खांद्यावर आणि मानेवर आली, आणि तो जागीच गेला. कुणी हयगय केली नव्हती, कुणी घाई केली नव्हती. ज्याच्यावर बोट ठेवावं असं काही नव्हतं, आणि हेच दोघांच्या घशात अडकून बसलं.

भेटायला येणाऱ्यांपैकी जो पहिला मुलाच्या करवतीकडे नुसता बघून म्हणाला की चांगली दिसते, त्यालाच घड्याळजीनं ती देऊन टाकली. डोळ्यांसमोर नको म्हणाला. मग उन्हाळा गेला, पानं पिवळी पडली, आणि एका पहाटे मास्तरीण उठली तर नळाचं पाणी हाताला झोंबलं. तेव्हा तिला जळण आठवलं.

निघायच्या आधी घड्याळजीनं तिची मापाची टेप मागितली. तिला वाटलं, लाकडं रचायला पडवीत किती जागा आहे ते बघणार असेल. तो बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं बाहीला कुसळं चिकटवून परत आला. टेप गुंडाळून तिच्या हातात दिली, आणि तिनं ती पिशवीत टाकली. अलीकडे तो मोजकंच बोलायचा.

करवतींचं दुकान बाजाराच्या शेवटाला, टायरवाला आणि रंगवाला यांच्या मधे दाटीवाटीनं बसलेलं होतं. आत शिरताच नव्या रबराचा आणि तेलाचा वास आला. भिंतीवर करवती लहानापासून मोठीपर्यंत ओळीनं टांगल्या होत्या. गल्ल्यामागे एक ठेंगणी, मजबूत बांध्याची बाई बसली होती. गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, नखांत ग्रीस. दुकान तिच्या वडिलांचं होतं, आता ती चालवत होती. तिचा नवरा लोकांची झाडं पाडून द्यायचा, आणि तिच्याच म्हणण्याप्रमाणे घरात ती बोलायचं काम करायची आणि तो ऐकायचं.

करवत हवी म्हटल्यावर तिनं भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी या दोघांना आपादमस्तक न्याहाळलं आणि प्रश्नांची फैर झाडली. रान केवढं आहे? झाडं उभी कापायची की पडलेली? वर्षातून किती वेळा हातात घेणार? आणि मुख्य म्हणजे चालवणार कोण?

"मी," घड्याळजी म्हणाला.

दुकानवालीनं त्याच्या मनगटांकडे एकदा पाहिलं आणि समजावून सांगायला घेतलं. करवत म्हणजे चष्म्यासारखी असते काका, शेजाऱ्याला छान दिसतो म्हणून आपल्याला लागू पडत नाही. पातं लाकडाच्या जाडीपेक्षा जरा लांब असलं की भागतं. त्याहून लांब घेतलं तर वजन वाढतं, हात लवकर भरून येतात, आणि पात्याचं टोक आपल्याला न दिसणाऱ्या कुठल्यातरी फांदीला लागलं तर करवत उसळून थेट तोंडावर येते. निम्मं गिऱ्हाईक रुबाबासाठी मोठी घेऊन जातं आणि ती पडवीत खिळ्याला लटकते. जळणासाठी, तेही मनगटा-मांडीएवढ्या झाडांसाठी, बारा इंच पुरे, चौदा म्हणजे चैन.

बोलता बोलता तिनं चौदा इंचांची एक काढून गल्ल्यावर ठेवली. मास्तरणीनं सहज उचलून पाहिली. कारखान्यातल्या सुरीचं वजन साधारण एवढंच होतं. मूठ तळहातात बसली आणि कित्येक महिन्यांनी तिच्या दंडाला आपण कशासाठी आहोत ते आठवल्यासारखं झालं. हीच घेऊ, असं म्हणायला तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात दुकानवालीनं, नुसती खात्री म्हणून, विचारलं की रानातलं सगळ्यात जाड झाड केवढं आहे.

"अठ्ठावीस इंच," घड्याळजी म्हणाला. "बुंध्याची आडवी जाडी. आजच मोजली."

मास्तरणीच्या हातातली करवत एकदम जड झाली. रानातलं झाड न् झाड तिच्या ओळखीचं होतं, आणि त्या मापाचं त्यांच्या रानात एकच होतं. टेप कुठल्या अंगाला लागून तिच्या पिशवीत परत आली होती ते तिला कळलं. तिनं करवत गल्ल्यावर ठेवली आणि पिशवी छातीशी धरली.

दुकानवालीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती हसली आणि म्हणाली की असल्या झाडाला लोक दोन्ही बाजूंनी कापतात, त्याला वीस इंचांचं पातं चालतं, पण ते काम नवशिक्याचं नाही. एवढं झाड कुठं पडेल ते पाडणाऱ्यालाच कळतं. तुम्ही जळणाची करवत न्या, त्या झाडासाठी माझा नवरा येईल.

"मला वीस इंचांची द्या," घड्याळजी म्हणाला.

"लहान द्या," मास्तरीण म्हणाली. "मोठं झाड पाडायचं नाहीये."

दुकानवालीचे हात मधेच थांबले. नवरा-बायकोची भांडणं तिनं दुकानात पुष्कळ पाहिली असणार, पण ही दोघं एकमेकांकडे न बघता बोलत होती. तिनं वीस इंचांची खाली काढली आणि घड्याळजीला मागच्या अंगणात नेलं. तिथं पडलेल्या ओंडक्यावर एकदा चालवून बघा, मग ठरवा, म्हणाली. तिला वाटलं होतं की वजनानंच त्याचं मन बदलेल. इंजिन सुरू होताच करवतीनं त्याला पुढं ओढलं. त्याचे खांदे थरथरले, पाय घसरला, पण त्यानं दात ओठ खाऊन ओंडका आरपार कापला. मग करवत खाली ठेवून, घाम न पुसता म्हणाला की हीच बांधून द्या. तिनं देताना हातमोजे, डोळ्यांचा चष्मा आणि नवऱ्याचा फोन नंबर बरोबर दिला, आणि चौदा इंचांची खुंटीला परत न लावता गल्ल्याखाली सरकवली.

परतीच्या वाटेवर गाडीत मागच्या सीटवर ते खोकं तिसऱ्या माणसासारखं बसलं होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात विषय निघाला. सुरुवात मास्तरणीनंच केली. तिचं म्हणणं साधं होतं: ते झाड पाडायचं नाही. तिचा मुलगा शेवटचा तिथं होता. त्यानं शेवटचं पाहिलं ते त्याच बुंध्याची साल, तीच मुळं. तिला जाऊन बसायला दुसरी जागा नाही. घड्याळजी पाठमोरा बसला होता. गेले कित्येक महिने तो खिडकीकडे पाठ करूनच जेवायचा, चहा प्यायचा. तो म्हणाला की तू बसतेस तिथं, पण मला घरात बसायला जागा उरली नाही. सकाळी डोळे उघडले की ते खिडकीत उभं. पालवी फुटली, पाखरं आली, मजेत पानं गाळतंय. माणूस असतं तर कोर्टात खेचलं असतं, दगड असता तर लाथ मारली असती.

मास्तरीण म्हणाली, झाडाला काय कळतं? तो म्हणाला, मला कळतं ना.

असं बराच वेळ चाललं. दोघांनीही आवाज चढवला नाही, कारण चढवायला अंगात बळ नव्हतं. शेवटी घड्याळजी तिच्याकडे वळला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"तू रोज दुपारी तिथं जाऊन बसतेस. वर बघितलंयस कधी? डाव्या अंगाला अजून एक फांदी वाळलीय. आख्खी. ती पडली तर?"

मास्तरणीनं वर पाहिलं होतं. ती फांदी तिला उन्हाळ्यापासून माहीत होती. बाकी झाड हिरवं असताना त्या एका फांदीला पान आलं नव्हतं. तिनं बसायची जागा मात्र हलवली नव्हती, आणि का हलवली नाही हे तिनं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. आता तोंडातून निघून गेलं.

"पडली तर पडली."

घड्याळजी तिच्याकडे बघत राहिला. मग उठला, ताट उचललं, धुतलं, पुसलं, फळीवर उभं करून ठेवलं. तिच्या शेजारून जाताना त्याचा हात क्षणभर तिच्या खांद्यावर टेकला, आणि तो वर झोपायला गेला. मास्तरणीला वाटलं, विषय मिटला. माघार घेतली म्हणून मनातून तिला त्याची कीवही आली.

सकाळी तिला जाग आली ती आवाजानं. क्षणभर, अर्ध्या झोपेत, तिला वाटलं की मुलगा रानात लागलाय कामाला. ते वाटणं इतकं खरं होतं की ती अंथरुणात तशीच पडून ऐकत राहिली, आणि आता चहा टाकावा असंही मनात आलं. मग शेजारची रिकामी उशी दिसली.

ती चपला न घालता चढ चढली. ओल्या पानांवरून पाय सरकत होते. वरून येणारा आवाज एकदम चिरकला, कापरा झाला आणि बंद पडला. ती पोचली तेव्हा घड्याळजी पहिलवानाच्या उताराकडच्या अंगाला उभा होता. वीस इंचांचं पातं मुठीपर्यंत बुंध्यात शिरलं होतं आणि तिथंच गच्च अडकलं होतं. झाडाचा कल उताराकडे, आणि त्यानं कापायला घेतलं होतं तेही त्याच बाजूनं, त्यामुळे जसजसं कापलं तसतसं झाडाचं सगळं ओझं पात्यावर येऊन बसलं. तो एक पाय बुंध्याला लावून करवत उपसायला बघत होता. प्रत्येक हिसक्यानिशी वर शेंड्यापर्यंत शहारा जात होता, आणि डाव्या अंगाची ती वाळकी फांदी कुरकुरत होती.

मास्तरणीनं हाक मारली नाही. हाकेनं तो वळला असता, थांबला असता, आणि थांबायला ती जागा नव्हती. तिनं जाऊन त्याचा दंड पकडला आणि जन्मभर कापडाचे गठ्ठे ओढलेल्या हातांनी त्याला फरफटत वरच्या बाजूला, झाडाच्या टप्प्याबाहेर नेलं. तिथं तो मटकन खाली बसला. अंगावर, भुवयांवर, ओठांवर भुसा होता.

ती त्याच्यावर तुटून पडली. तिनं त्याला काय काय म्हटलं ते नंतर दोघांनीही कधी उकरून काढलं नाही. शेवटी ती म्हणाली की मी सांगितलं होतं ना, पाडायचं नाही म्हणून, ऐकलं नाहीत.

"ऐकलं," घड्याळजी म्हणाला. "काल तू 'पडली तर पडली' म्हणालीस, तेच ऐकून आलो."

ती त्याच्या शेजारी ओल्या पानांवर बसली.

दिलेल्या नंबरवर मास्तरणीनं फोन केला. तो दुकानवालीनं उचलला, पण ती 'मी म्हटलं नव्हतं का' असं काही म्हणाली नाही. फक्त झाडापासून लांब राहा म्हणाली, आणि दुपारी नवऱ्याला घेऊन स्वतः आली. नवरा उंच, किडकिडीत आणि खरंच अबोल होता. त्यानं झाडाभोवती लांबून एक फेरी मारली, वर पाहिलं, खाली कापलेल्या फटीत पाहिलं, मुठीनं बुंधा ठोकला आणि कान लावला. मग परत येऊन त्यानं सांगितलं की हे आता उभं ठेवता येणार नाही. निम्म्याच्या जवळ कापलंय. वारा सुटला की आपल्या मर्जीनं पडेल, आणि तेव्हा खाली कोण असेल ते सांगता येत नाही.

मास्तरणीनं विचारलं, नाही कापलं असतं तर उभं राहिलं असतं का. त्यानं जरा विचार केला. म्हणाला की वाळकी फांदी उतरवली असती तर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त जगलं असतं. दुकानवालीनं त्याला कोपरानं ढोसलं, पण बोलून झालं होतं.

तो घड्याळजीकडे वळला. मालक म्हणून तुमचा शब्द हवा, मग सुरू करतो, म्हणाला.

"हिला विचारा," घड्याळजी म्हणाला आणि जमिनीकडे बघत राहिला.

मास्तरणीला संताप आला. सगळं करून सवरून शेवटचा शब्द माझ्या गळ्यात घालताय, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तो ज्या तऱ्हेनं उभा होता, हात दोन्ही बाजूंना सोडून, बोटं उघडी टाकून, त्यावरून तिला कळलं की हा अंग चोरत नाहीये. याच्याजवळ तिला द्यायला दुसरं काही उरलेलं नाही. तिनं एवढंच विचारलं की एकदा जवळ जाऊन, नुसता हात लावून येऊ का. पाडणाऱ्यानं मान हलवली. नाही जाता येणार, म्हणाला, आता अजिबात नाही. त्याच्या आवाजात कठोरपणा नव्हता, म्हणून ते तिला जास्तच लागलं.

"पाडा मग," ती म्हणाली.

त्यानं आधी अडकलेल्या करवतीचं इंजिन स्क्रू काढून सोडवून घेतलं. पातं आतच राहिलं. मग विरुद्ध बाजूनं आपली करवत लावली, मधे मधे थांबून फटीत पाचरी ठोकल्या, पुन्हा वर पाहिलं. दुकानवाली या दोघांना घेऊन घराच्या भिंतीशी उभी होती. तिनं मास्तरणीचा हात आपल्या हातात घेतला होता आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होती. पाचरींचा टक टक आवाज आला, मग काही नाही, मग आतून काहीतरी फाटत गेल्यासारखा लांबलचक आवाज. पहिलवान सावकाश झुकला. इतका सावकाश, की मास्तरणीला वाटलं, थांबेल. मग तो गेला. पायाखालची जमीन हादरली, फळीवरची भांडी आत खणखणली, आणि चढावरून धुळीचा आणि पानांचा लोट खाली आला.

धूळ बसल्यावर घरावर उजेड पडला. स्वयंपाकघरात, जिथं दिवसाही दिवा लावावा लागायचा, तिथं ऊन भिंतीपर्यंत पोचलं आणि कोपऱ्यातली जळमटं, भिंतीवरचे ओघळ, सगळं लख्ख दिसायला लागलं. घड्याळजी खिडकीशी गेला. कित्येक महिन्यांनी तो त्या खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर आभाळ होतं आणि बारकी बारकी झाडं.

"मला वाटलं होतं, पडल्यावर बरं वाटेल," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "आता रागावू कुणावर?"

मास्तरीण त्याच्यामागे येऊन उभी राहिली. तिनं त्याच्या केसांतला भुसा बोटांनी काढला, आणि पुरता निघेना तेव्हा सोडून दिला.

दोन-तीन दिवसांनी दुकानवाली पुन्हा आली. वाकलेलं पातं आणि ती मोठी करवत परत घेऊन गेली, आणि गल्ल्याखाली सरकवलेली चौदा इंचांची ठेवून गेली. चालवायची कशी ते तिनं या वेळी घड्याळजीला शिकवलं नाही, थेट मास्तरणीला शिकवलं. फार शिकवावं लागलंही नाही. धार जोर लावून ढकलायची नसते, तिला तिच्या वजनानं उतरू द्यायचं असतं, हे कापडाच्या थरांनी तिला कधीच शिकवलं होतं.

मग रोज सकाळी दोघं चढावर जाऊ लागले. पडलेल्या झाडाच्या फांद्या ती बुडख्याकडून शेंड्याकडे सरकत उतरवायची, आणि तो तुकडे गोळा करून पडवीत रचायचा. रचायला मात्र त्याचा हात होता. प्रत्येक तुकडा फिरवून फिरवून त्याची जागा शोधायचा. मधला मोठा बुंधा पाडणाऱ्यानं तसाच पडू द्यायला सांगितला होता. ओलं लाकूड, दोन थंड्या तरी पेटणार नाही. पण ती डावीकडची फांदी उभ्या उभ्या वाळलेली होती, लगेच पेटण्याजोगी. तिचे तुकडे करताना मास्तरणीनं करवत एकदाही थांबवली नाही. थांबवली असती तर तिला ती पुन्हा सुरू करता आली नसती.

तिचा राग गेला नव्हता. दुपारी, पूर्वी बसायला जायच्या वेळेला, तिचे पाय आपोआप दाराकडे वळायचे आणि उंबऱ्यातून परत यायचे. तिथं आता सगळीकडे आभाळच होतं. घड्याळजी ते बघायचा. एकदा त्यानं विचारलं की तिथं एखादा बाक करून देऊ का. ती नको म्हणाली, आणि त्याचा चेहरा पडला तो तिनं पाहिला, तरी शब्द मागे घेतला नाही. असंही व्हायचं, की मास्तरीण फांदी तोडत असताना तो मागे उभा राहून एकसारखा वर बघत असायचा. वर काहीच उरलं नव्हतं. पण त्याची मान तशीच वळलेली राहायची, आणि तिनं हाक मारल्याशिवाय सरळ व्हायची नाही.

मग कडाक्याची थंडी पडली. एका दुपारी नळ गोठला, खिडकीच्या काचा आतून धुरकटल्या आणि श्वास दिसायला लागला. घड्याळजीनं पडवीतून वाळक्या फांदीचे तुकडे आणले, शेगडीत रचले आणि काडी लावली. लाकूड कोरडं होतं. लगेच पेटलं, चांगलं धडाडून पेटलं. स्वयंपाकघर बघता बघता उबदार झालं. त्यानं तिच्यासाठी शेगडीसमोर खुर्ची ओढली.

मास्तरीण बसली. हात पुढं केले. ऊब बोटांना लागली, मनगटांना लागली, आणि पहिलवानाची ही ऊब आपल्याला बरी वाटतेय हे तिच्या लक्षात आलं. ती उठली, बसायच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. तिथं बर्फासारखा गारठा होता. ती कोचाच्या कडेला बसली आणि पदर अंगाभोवती आवळून घेतला.

थोड्या वेळानं दार उघडलं. घड्याळजी हातात दोन्ही पांघरुणं घेऊन आला होता. एक त्यानं तिच्या पाठीवर टाकलं, दुसरं स्वतः घेतलं, आणि तिच्या शेजारी, पण मधे जरा जागा सोडून बसला. पलीकडे शेगडीत लाकडं फुटल्याचा आवाज येत होता.

"थंडी वाजतेय?" त्यानं विचारलं.

"वाजतेय."

तो उठला नाही, तीही उठली नाही. लाकडं जळून गेली, आवाज बारीक होत थांबला, आणि स्वयंपाकघरही हळूहळू या खोलीइतकंच गार झालं.